दहापैकी सहा

ती वही मुळात नेलसाठी, माझ्या तान्ह्या मुलीसाठी घेतली होती. दूध किती वाजता प्यायली, किती झोपली, अंगावर पुरळ उठलं ते कोणत्या दिवशी, सगळं मी लिहून ठेवते. लिहिलं नाही तर काहीतरी हातून निसटेल अशी धास्ती वाटते. ऑगस्टमध्ये त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी दहा शब्द लिहिले. कंदील, लोणी, खोगीर, अंगठा, गवत, पोपट, साबण, दोरी, पूल, आरसा. आणि नवऱ्याला बिनचूक चुकायला शिकवायला बसले.

वेस्ली हार्कर, माझा नवरा, धंद्यानं फुटबॉलपटू. बचावफळीच्या मधोमध उभा राहतो आणि हवेतून येईल तो चेंडू डोक्यानं परतवतो. त्याचा बाप टेडही तेच करायचा. इंग्लंडात, हार्टलपूलच्या घरामागे कपडे वाळत घालायच्या दोरीला टेडनं चेंडू टांगला होता. शाळेतून आल्यावर सात वर्षांच्या वेसनं त्या चेंडूवर शंभर वेळा कपाळ मारायचं, मगच जेवायला बसायचं. सोळाव्या वर्षी तो क्लबात लागला, मोठ्या खेळाडूंचे बूट घासायला. एकोणिसाव्या वर्षी काढून टाकला. मग चौथ्या विभागातले तीन क्लब, एक मोडलेला जबडा. पंचविशीनंतर आमच्याकडे अशा खेळाडूला कुत्रंही विचारत नाही. पण बाहेरच्या देशांत इंग्लिश बचावपटू म्हटलं की अजून दार उघडतं. तो आधी स्वीडनच्या उत्तरेत गेला. तिथं मैदानावरचा बर्फ ट्रॅक्टरनं काढत. मग माल्टा. मग ओमान, रास अल-मिल्ह, हा समुद्रकाठ. इथे आलो तेव्हा तो चौतीसचा होता, नेल पाच महिन्यांची, आणि मी दर दोन तासांनी बाल्कनीच्या कठड्याचे गज हलवून बघणारी.

हंगामाआधी क्लबचे डॉक्टर प्रत्येकाच्या डोक्याची परीक्षा घेतात. दहा शब्द वाचून दाखवतात, मधे इतर कामं देतात, मग विचारतात, किती आठवतात? आकडे उलटे म्हणायला लावतात, महिने उलटे म्हणायला लावतात, डोळे मिटून एका पायावर उभं करतात. ते धडधाकट माणसाचे गुण. पुढे डोक्याला मार लागला की तीच परीक्षा पुन्हा. गुण खाली आले तर बरं वाटेपर्यंत बाकावर बसायचं.

ही परीक्षा सुरू होऊन पुरते दोन हंगामही झाले नव्हते, तेवढ्यात खेळाडूंनी तिची पळवाट काढली होती. स्वीडनमधल्या एका म्हाताऱ्या गोलरक्षकानं वेसला सांगितलं होतं, पहिल्या दिवशी मठ्ठ व्हायचं. मुळातच खाली असलास तर आणखी खाली पडलास हे कोणाला कळणार?

वेसचा बेत साधा होता. "दोन शब्द सांगतो आणि गप्प बसतो."

"दोन सांगितलेस तर संध्याकाळच्या विमानात बसवतील तुला."

"मग किती सांगू, बाईसाहेब?"

"सहा."

न्यूकॅसलला तीन वर्षं मी मानसशास्त्र शिकले. त्या शिक्षणाचा आजवर झालेला एवढाच उपयोग. मी त्याला सांगितलं, पहिले तीन नीट सांग, शेवटचे दोन नीट सांग, मधला एखादा. कोणाचंही तसंच होतं. आकडे चारपर्यंत उलटे म्हण, पाचाला अडखळ. महिन्यांत एक गाळ. आणि एका पायावर थोडा डुल.

"शनिवारी रात्री डुलतो तसा?"

"नाही. प्रार्थनेला उभा आहेस आणि मागून कोणी ढकललंय, तसा."

तो इतका हसला की नेल दचकून उठली. मग मी म्हटलं, आधी खरं किती येतं ते बघू. तीन दिवस, तीन निरनिराळ्या याद्या. तिन्ही वेळा दहापैकी दहा. मी वहीत तारीख घालून लिहिलं: १०, १०, १०. खाली सही केली नाही एवढंच.

परीक्षेत त्यानं सहा सांगितले. डॉक्टर मुअतसिम सुदानचे, शाईच्या पेनानं लिहिणारे, सावकाश बोलणारे. त्यांनी सहा लिहून घेतले, कागद फाइलीत लावला आणि वेसला म्हणाले, "अबू नेल, तुमचे पाय तरी डोक्यापेक्षा चांगले असतील अशी आशा आहे." इथे बापाला मुलाच्या नावानं हाक मारतात. नेलचा बाप, अबू नेल. नेलची आई, उम्म नेल. वेसला ते फार आवडलं होतं. घरी आला तो दारातूनच ओरडला, "उम्म नेल! सहा! तंतोतंत सहा!"

नोव्हेंबरात पाहुण्या संघाच्या एका गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. मी कुटुंबांच्या बाकांवर होते, नेल मांडीवर. मी सेकंद मोजले. अकरा. बाराव्याला तो उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षेत त्याला नऊ आठवले. डॉक्टर हसून म्हणाले म्हणे, की मार खाऊन तुमची बुद्धी वाढते आहे.

"नऊ का?" मी विचारलं.

"का म्हणजे? एक मुद्दाम सोडला."

"मुद्दाम?"

"कोर, तू आता वकील होऊ नकोस." चिडला की तो माझं नाव घेतो.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. मी वहीत ९ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं. नेलला दात येत होते. सगळं घर त्या एका दातापाशी येऊन थांबलं होतं.

फेब्रुवारीत जे झालं ते आपल्याच माणसाकडून झालं. कॉर्नरवरून चेंडू आत आला, वेसनं उडी मारली आणि आमचा गोलरक्षक हमूद चेंडूला ठोसा मारायला झेपावला. ठोसा वेसच्या कपाळाच्या कडेला बसला. या वेळी मी एकोणीस मोजले. शेवटचा अर्धा तास तो खेळला. एकदा मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. हमूदनं त्याला खांद्याला धरून वळवलं.

त्या संध्याकाळी हमूद खजुराची पेटी घेऊन घरी आला. सहा फुटी माणूस, दारात लहान मुलासारखा उभा. "उम्म नेल, मला माफ करा. दोन गोल वस्तू होत्या, मी चुकीची निवडली."

"चेंडू जास्त मऊ होता ना?" वेस आतून म्हणाला.

"चेंडूत हवा असते, हबीबी. तुझ्यात तेवढीही नाही."

दोघं हसले. चहा झाला. मग हमूद म्हणाला, "तो बर्फातला गोल सांग ना." ही वेसची ठरलेली गोष्ट. एकविसाव्या वर्षी, नव्वदाव्या मिनिटाला, बर्फ पडत असताना, नारिंगी चेंडूवर डोक्यानं मारलेला गोल. मला ती तोंडपाठ आहे, त्यातल्या शिव्यांसकट. वेस रंगात आला. बर्फ, प्रेक्षकांतला म्हातारा आणि त्याचं टोपडं, उजवीकडून आलेला पास. आणि तिथे थांबला.

"पास कोणी दिला?" तो माझ्याकडे बघून म्हणाला.

पास बॅरीनं दिला होता. बॅरी वेसचा जिवलग मित्र, आमच्या लग्नात त्याच्याशेजारी उभा होता.

"बॅरीनं," मी म्हटलं.

"हां, बॅरी." पण पुढची गोष्ट त्यानं सांगितली नाही. हमूदनं खजुराची बी ताटलीत ठेवली आणि तीच पुन्हा उचलून पुन्हा ठेवली.

त्यानंतर मी त्याला दुकानात पाठवायला लागले. दुकान आमच्याच इमारतीखाली आहे. मी तोंडी दहा वस्तू सांगायची. दूध, कांदे, नेलचे लंगोट, काड्यापेटी, असंच काहीबाही. आणि बाल्कनीतून बघायची. तो दुकानाच्या दारात उभा राहायचा, आत जायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत. वर यायचा तेव्हा पिशवीत सात वस्तू. सहा. एकदा पाच, त्यातही दूध दोनदा.

"बाकीचं संपलं होतं," तो म्हणायचा.

"काड्यापेटी संपली? दुकानात?"

"मग तू जा ना खाली! दिवसभर त्या कठड्याला धरून उभी असतेस!"

असा तो कधी बोलायचा नाही. उजेडही त्याला सोसेना. सरावाहून आला की मशिदीच्या भिंतीच्या सावलीत गाडी लावून बसून राहायचा, वर यायचाच नाही. नेल रडली तर कानांवर हात ठेवायचा आणि मग स्वतःच ओशाळायचा.

परीक्षेला दहा दिवस उशीर झाला, कारण डॉक्टर सुट्टीवर खार्तूमला गेले होते. ते आले त्या मंगळवारी वेस म्हणाला, "गाडी तू चालव. डोळे दुखतात." म्हणून पहिल्यांदाच मी त्या खोलीत गेले. नेल माझ्या कडेवर. डॉक्टरांनी तिच्यासाठी लाकडी चमचा दिला, तो ती टेबलावर आपटत होती.

गुरुवारी चषकाचा उपांत्य सामना होता. क्लबच्या अध्यक्षांनी शब्द दिला होता, गुरुवारी खेळलास तर दोन वर्षांचा नवा करार. नाही तर मेमध्ये घरी. चौतीस वर्षांच्या माणसाला पुन्हा कोण घेणार होतं? सकाळपासून त्यानं हे मला तीनदा सांगितलं होतं. तीनदा, पहिल्यांदा सांगतो आहे असं.

डॉक्टरांनी नवी यादी वाचली. वेस खाली मान घालून ऐकत होता, ओठ हलत होते. मग आकडे, महिने, एका पायावर उभं राहणं. तो डुलला. मग डॉक्टर म्हणाले, "आता शब्द."

त्यानं तीन सांगितले. मग दोन. मग बराच वेळ गेला. नेलनं चमचा खाली टाकला. तो आवाज होताच त्यानं सहावा सांगितला.

"सहा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फाइल उघडून ऑगस्टचा कागद शेजारी ठेवला, चष्मा वर केला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "आकडे चार. एक महिना गाळलेला. सहा शब्द. असं जुळणं मी फार कमी बघितलं आहे. उम्म नेल, तुमचा नवरा खडक आहे." आणि त्यांनी शाईच्या पेनानं लिहिलं, खेळण्यास योग्य.

गाडीत बसल्यावर मी नेलचा पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला, आणि मगच म्हटलं, "छान केलंस सोंग. मला तर खरंच वाटलं."

वेस समोरच्या काचेतून बघत होता.

"सोंग नव्हतं, कोर."

"म्हणजे?"

"मी दहाच्या दहा आठवायला बघत होतो. म्हटलं, बघू तरी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बाकीचे चार त्यांनी खरंच वाचले का गं? तू ऐकलेस?"

मी ऐकले होते. मला चारही सांगता आले असते. मी गाडी सुरू केली. चौकापाशी तो म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. गुरुवार होऊ दे. एकच सामना. शप्पथ घे." मी शप्पथ घेतली नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

बुधवारी दुपारी मी हार्टलपूलला फोन लावला, वेसच्या आईला, मॉरीनला. टेड सदुसष्ट वर्षांचा आहे आणि चार वर्षं झाली, वृद्धाश्रमात आहे. मी वेसबद्दल काही बोलले नाही. फक्त टेड कसा आहे ते विचारलं.

"तसाच. काल त्यांनी फुगे आणले होते गं, म्हाताऱ्यांच्या व्यायामाला. गोल बसवतात आणि फुगा एकमेकांकडे टोलवायला लावतात. बाकीचे हातानं मारतात. आमचे महाराज खुर्चीतून उठून डोक्यानं!" ती हसली. मग हसणं थांबलं. "मला मात्र विचारलं, बाई, तुम्ही इथे रोज येता का? तुमचं कोण आहे इथे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय झालं, पोरी? वेस बरा आहे ना?"

"त्याला कधी कोणी थांबवलं नाही का, मॉरीन? टेडला?"

"कोण थांबवणार? मीच स्पंज ओला करून कपाळावर ठेवायचे आणि म्हणायचे, ऊठ, जा, उशीर होतोय." मग म्हणाली, "आपण बायकांनीच पाठवलं गं त्यांना."

गुरुवारी सकाळी वेस बॅग भरत होता. डावा बूट आधी, मग उजवा, अठरा वर्षांची सवय. त्यानं डावा भरला, मग उजवा, मग पुन्हा दोन्ही काढले आणि पुन्हा डाव्यापासून सुरुवात केली. मी म्हटलं, नेलच्या लसीचं विचारून येते. वही पिशवीत टाकली, नेलला कडेवर घेतलं आणि निघाले. रस्ताभर मी तिच्या तोंडाकडे बघत होते. नुकतंच ती 'बा' म्हणायला लागली होती. वहीच्या पुढच्या भागात त्या दिवसाची तारीख होती.

डॉक्टर एकटेच होते. मी शेवटचं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. दहा शब्द. तीन वेळा दहा. त्याखाली माझ्याच सुंदर अक्षरात: पहिले तीन, शेवटचे दोन, मधला एक. चारपर्यंत आकडे. एक महिना गाळणे. थोडे डुलणे.

त्यांनी दोनदा वाचलं.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"शिकवलंत तुम्ही?"

"हो. तो दोनच सांगणार होता. मी म्हटलं, सहा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल काढली, ऑगस्टचा कागद वहीशेजारी ठेवला, परवा ठेवला होता तसाच. "माणूस आधी कसा होता, हे मला बघायला मिळत नाही, उम्म नेल. मी इथे नवा, तो इथे नवा. हा कागद सांगतो तेवढंच मला कळतं." त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हा तुम्ही लिहिलात."

"हो."

"दोन वेळा मी सही केली. नोव्हेंबरात केली. नोव्हेंबरात तुम्ही आला असतात तर..." नेलनं टेबलावरच्या त्या चमच्याकडे हात केला. तो त्यांनी तिला दिला, आणि परवाचा कागद घेऊन त्यावर आडवी रेघ मारली.

सामना आम्ही हरलो. वेस साध्या कपड्यांत बाकावर बसला होता. हमूदनं सामन्याआधी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला, थट्टा काही केली नाही. त्यावरून मला कळलं, सगळ्यांना कळलं आहे.

मस्कतच्या इस्पितळात मेंदूची चित्रं काढली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट फिरवून दाखवलं, मोहरीएवढे काळे ठिपके. मी विचारलं, हे कधीचे? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. काही जुने, काही या हिवाळ्यातलेही असतील. यापुढे एकदाही नाही, डोक्यानं तर नाहीच. वेस म्हणाला, "मग कशानं?" आणि आम्हा दोघींकडे बघून हसला.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं विचारलं, "क्लबच्या डॉक्टरांना सांगितलं कोणी?"

"मी."

त्यानं कप भिंतीवर मारला. मग मला जे बोलला ते मी वहीत लिहिलं नाही. "बाप मरेपर्यंत खेळला असता, पण आईनं कधी त्याला विकलं नाही," हे त्यातलं शेवटचं. काचा मी तीनदा झाडल्या, नेल रांगते म्हणून.

चार दिवसांनी, न्याहारीला, टोस्टावर लोणी लावताना तो म्हणाला, "डॉक्टरांना कळलं कसं गं? हमूद बोलला असणार." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. मी म्हणू शकले असते, हो, हमूदच. त्याला पटलं असतं. पुढच्या वेळीही पटलं असतं, दर वेळी नव्यानं.

"मी सांगितलं," मी म्हटलं. या वेळी त्यानं फक्त सुरी खाली ठेवली आणि उठून गेला.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो रडला.

काल आम्ही सामान बांधत होतो. शनिवारचं विमान आहे. इथला उन्हाळा सुरू झाला आहे. बाल्कनीचा कठडा दुपारी हात लावू देत नाही, तरी मी गज हलवून बघते. नेल खोक्याला धरून उभी होती. वेसनं बूट हातात घेतले, डावा, उजवा, आणि बॅग उघडीच ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"कोर," तो म्हणाला, "मला खेळू का देत नाहीत?"

"डोक्याला लागलंय तुझ्या. डॉक्टरांनी थांबवलं."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"मी."

मी कपाची वाट बघत होते, दाराची, रडण्याची. नेलला मी नकळत पायाशी ओढलं होतं. पण तो चिडला नाही. त्यानं बूट हळूच खोक्यावर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. ऑगस्टात दहाच्या दहा सांगून झाल्यावर बघितलं होतं, तसं.

"सहा सांगायला शिकवलंस," तो म्हणाला, "तेव्हाच का नाही गं त्यांना सांगितलंस?"